दप्तराची गांठ

जळकोटाहून दक्षिणेस निघालें म्हणजे थोड्याच कोसांवर उदगीरचा भुईकोट किल्ला लागतो. याच परिसरांत इ. स. १७६० च्या प्रारंभीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या सैन्यास कोंडींत धरिलें, ३ फेब्रुवारी रोजीं निर्णायक झुंज झाली, आणि सुमारें साठ लक्ष उत्पन्नाचा मुलूख व दौलताबाद, अशीरगड, विजापूर यांसारखीं स्थळें पेशव्यांच्या पदरीं पडलीं. पुढें वर्ष पुरें होण्यापूर्वींच पानिपत झालें, आणि उदगीरच्या विजयाचा आनंद त्या दुःखांत बुडून गेला. एवढी हकीगत आमच्या भागांतील शाळकरी मुलाच्याही कानांवर आलेली असते. परंतु ज्या पत्रांच्या आधारें ती सांगितली जाते, तीं पत्रें उदगिरास नाहींत, लातुरास नाहींत, नांदेडासही नाहींत. तीं पुण्यास पेशवेदप्तरांत आहेत; आणि १९३० सालापर्यंत तीं तेथें असून सामान्य वाचकास नसल्यासारखींच होतीं. त्या सालीं मुंबई सरकारनें पेशवेदप्तरांतून निवडलेल्या कागदांची माला छापण्यास आरंभ केला. पुढें पंचेचाळीस भागांपर्यंत गेलेल्या या मालेचा पहिला भाग उदगीरच्या लढाईविषयींच्या पत्रांचा आहे.

शंभरांहून अधिक वर्षें मिटलेलें दार किलकिलें झालें, तेव्हां आंतला पहिला उजेड आमच्या शिवेवर पडला, ही गोष्ट आम्हां जळकोटकरांस सुखाची वाटावी हें स्वाभाविक आहे. पण त्या सुखापाठोपाठ एक प्रश्न मनांत येतो, व तोच या लेखाचा विषय आहे. प्रजेच्या व्यवहारांतून उपजलेले कागद, आणि त्या कागदांवरून विद्वानांनीं मिळविलेलें ज्ञान, हीं कोणाच्या मालकीचीं? तीं पाहण्यास अधिकार कोणाचा, आणि तो ठरविणार कोण? हा प्रश्न केवळ इतिहासवेड्या चार माणसांचा आहे असें जो म्हणेल, त्यानें पेशवेदप्तराचा स्वतःचा इतिहास एकवार पाहावा. त्यांत लढाया नाहींत. परंतु एका मोठ्या झगड्याची कथा मात्र आहे.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली, आणि राज्याबरोबर राज्याचे कागदही इंग्रजांच्या हातीं गेले. नव्या राज्यकर्त्यांस त्यांची किंमत पुरती ठाऊक होती. कोणत्या गांवची जमा किती, कोणास इनाम काय, कोणाचें वतन कोणत्या सनदेनें चालतें, हें समजल्याशिवाय मुलूख चालविणें शक्य नव्हतें. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें हे कागद जपविले, यांत संशय नाहीं. त्याच्याच हाताखालीं वाढलेला व सातारच्या दरबारीं रेसिडेंट म्हणून राहिलेला ग्रँट डफ यानें मराठी व फारसी कागद चाळून मराठ्यांचा इतिहास लिहिला. तो १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथ परिश्रमपूर्वक केलेला आहे, हें त्याच्या टीकाकारांनींही मान्य केलें आहे. परंतु त्यांत एक मोठी अडचण होती. कागद पाहिले ते डफनें. वाचकांनीं पाहावयाचा तो डफचा ग्रंथ. अमुक ठिकाणीं साहेबानें अर्थ चुकीचा लाविला कीं काय, अमुक पत्र त्यानें वगळलें कीं काय, हें पडताळण्याचें साधन कोणापाशींच नव्हतें. १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानें डफच्या बखरीवर टीका लिहिली. हाताशीं सरकारी दप्तर नसतां एवढ्या प्रतिष्ठित ग्रंथाचीं वैगुण्यें दाखविण्याचें धैर्य त्यानें केलें, आणि मराठ्यांचा इतिहास मराठ्यांनींच मूळ कागदांवरून तपासला पाहिजे, ही जाणीव महाराष्ट्रांत त्या काळापासून वाढीस लागली.

इकडे सरकारी दप्तराचें काय चाललें होतें? इंग्रजी अमलांत त्याचा मुख्य उपयोग इनामांच्या चौकशीसाठीं झाला. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला बळकटी आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जमीन खरोखर इनाम आहे कीं नाहीं, याचा निवाडा दप्तरांतील नोंदींवरून होऊं लागला. आतां येथील विषमता वाचकांनीं लक्षांत घ्यावी. दावा करणाऱ्या इनामदारानें आपल्या घरचा कागद पुढें करावयाचा. तो वाळवीनें खाल्ला असेल, आगींत गेला असेल, भाऊबंदांच्या तंट्यांत हरवला असेल. सरकारच्या हातीं मात्र संपूर्ण दप्तर. तें सरकारनें पाहावें, सरकारनें ताडावें व सरकारनेंच निर्णय द्यावा. दुसऱ्या पक्षास त्यांत बोट घालण्याची मुभा नाहीं. पुढें हें दप्तर ज्या कचेरीच्या ताब्यांत राहिलें, तिचें नांवच मुळीं ‘एलिएनेशन ऑफिस’ असें होतें. म्हणजे सरकारी साऱ्यांतून सुटलेल्या जमिनींची कचेरी. विद्येचें भांडार म्हणून तें कोणी बांधलें नव्हतें, व तसें त्याकडे कोणी पाहिलेंही नाहीं. कागद खुले केले तर लोक त्यांवरून नवे नवे दावे उभे करतील, ही धास्ती सरकारच्या मनांत सदैव वसत होती. तीस हजारांहून अधिक रुमाल दगडी इमारतींत सुरक्षित होते. आगीपासून सुरक्षित, आणि प्रजेपासूनही.

दार बंद आहे असें दिसतांच महाराष्ट्रांतील विद्वानांनीं दुसरी वाट धरिली, आणि ही वाट आमच्या वाङ्मयेतिहासांतील एक अभिमानास्पद प्रकरण होय. सरकारचें दप्तर मिळत नाहीं, तर सरदारांचीं, कारकुनांचीं, भटाभिक्षुकांचीं, देशमुखदेशपांड्यांचीं घरगुती दप्तरें धुंडाळावीं, आणि जें सांपडेल तें छापून सर्वांपुढें मांडावें! १८७८ सालीं काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनीं ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक सुरू केलें. मिरजेस शिक्षक असतां वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरावर आयुष्य वेंचलें आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे भाग काढले. त्यापुढील वर्षीं, १८९८ मध्यें, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढें तिचे बावीस खंड झाले. १९१० च्या जुलै महिन्यांत पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तेंही याच प्रेरणेचें फळ.

राजवाड्यांचीं अनुमानें आज पुष्कळ ठिकाणीं मान्य होत नाहींत. त्यांचे कांहीं सिद्धांत त्यांच्या हयातींतच वादग्रस्त झाले होते. परंतु त्यांनीं एक गोष्ट अशी केली कीं जीमुळें त्यांच्या चुकाही उपकारक ठरल्या. त्यांनीं आपल्या प्रस्तावनांबरोबर मूळ पत्रेंही छापलीं. ज्यास राजवाड्यांचें म्हणणें पटत नाहीं, त्यानें पान उलटावें, पत्र वाचावें आणि आपलें मत बनवावें. डफच्या वाचकास जी सोय नव्हती ती राजवाड्यांच्या वाचकास मिळाली. शास्त्रीय संशोधन म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या करतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्यास खोडून काढण्याचें साधन जो स्वतःच वाचकाच्या हातीं देतो, तो खरा संशोधक.

सरकारी दप्तरास पहिली फट पडली ती रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांच्या हातून. सातारचे राजे व पेशवे यांच्या रोजनिश्यांतील उतारे त्यांनीं मोठ्या चिकाटीनें काढिले. ते त्यांच्या मागें, विसाव्या शतकाच्या आरंभीं, नऊ भागांत छापले गेले. त्या उताऱ्यांच्या आधारें न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १९०० सालीं जो निबंध लिहिला, तो दार उघडल्यानें काय लाभतें याचा पहिला मोठा दाखला होय. तोंपर्यंत मराठ्यांचा इतिहास म्हणजे स्वाऱ्या, तह व राजकारणें. रानड्यांनीं त्याच कागदांत टांकसाळी पाहिल्या, न्यायसभा पाहिल्या, टपाल पाहिलें, वेठबिगार पाहिली, दारूबंदीचे हुकूम पाहिले, विद्वानांची दक्षिणा पाहिली. दुष्काळ पडला असतां साऱ्यास सूट किती दिली, ओसाड गांव वसविण्यासाठीं कौल कोणत्या अटींवर दिला, विहिरीस तगाई कशी मिळाली, या गोष्टी रोजनिशींत लढाईच्या बातमीइतक्याच काळजीनें लिहिलेल्या असतात. राजाचा म्हणून जो इतिहास पेटींत ठेविला होता, तो उघडतांच कुणब्याचा, कोष्ट्याचा व तेल्यातांबोळ्याचा निघाला!

१९२९ सालीं मुंबई सरकारनें दप्तराची व्यवस्थित निवड करून ती छापण्याचें काम गोविंद सखाराम सरदेसाई यांजकडे सोंपविलें. या कामीं यदुनाथ सरकार यांचा सल्ला व पाठबळ होतें. बडोद्याच्या नोकरींतून निवृत्त झालेल्या रियासतकारांनीं उतारवयांत हा डोंगर उचलला, आणि १९३० पासून १९३४ पर्यंतच्या अल्प काळांत पंचेचाळीस भाग बाहेर काढिले. उदगीरचा भाग पहिला निघाला, हें आरंभीं सांगितलेंच आहे. त्यामुळें बखरींच्या ऐकीव मजकुरावर विसंबण्याची गरज उरली नाहीं. मोहिमेंतील माणसांचीं त्या त्या दिवसांचीं पत्रें वाचकाच्या हातीं आलीं. या कार्याबद्दल सरदेसायांचे उपकार महाराष्ट्र कधींही विसरणार नाहीं.

तथापि पुण्यांतील संशोधकांस हा प्रकार पूर्णपणें रुचला नाहीं, आणि त्यांच्या असंतोषांत तथ्य होतें. निवड म्हटली कीं एकाच्या दृष्टीनें केलेली निवड. सरदेसायांस जें महत्त्वाचें वाटलें तें छापलें गेलें. जें वाटलें नाहीं तें रुमालांतच राहिलें. एकास आंत घ्यावयाचें आणि पिढ्यान्‌पिढ्या कागदांसाठीं वणवण केलेल्या मंडळींस उंबऱ्याबाहेर ठेवावयाचें, हा न्याय कोणता? दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंही ऐकण्यासारखें होतें. कागद नाजूक, वापरणारे हात सारखे नव्हेत, जातीजातींचे व घराण्याघराण्यांचे अभिमान तीव्र, तेव्हां शिक्षित व निःपक्षपाती अभ्यासकासच परवानगी असावी. पुढें नियम करून अभ्यासकांस दप्तर पाहण्याची मुभा मिळूं लागली, आणि वाद मावळला. परंतु त्या वादांतील मूळ शब्द मात्र उरला. तो शब्द ‘अधिकारी’. अधिकारी अभ्यासक कोण? विद्यापीठाचा शिक्का असलेला? मग राजवाडे, खरे हे कोणत्या विद्यापीठांत इतिहासाचे अध्यापक होते?

आतांपर्यंत पुण्याची कथा झाली. पण जळकोट, उदगीर, कंधार, मुखेड हा सारा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. उदगीरची लढाई पेशव्यांनीं जिंकली म्हणून तिचीं पत्रें पुण्यास गेलीं. येथील शेतकऱ्याच्या साऱ्याचे, जहागिरीचे व वतनाचे कागद हैदराबादेस गेले. तेथील दफ्तर-इ-दिवाणींत शहाजहान व औरंगजेब यांच्या काळच्या दक्षिणेंतील मोगली कागदांपासून निजामी अमलापर्यंतचा प्रचंड सांठा आहे. १९५६ सालीं भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत राहिला. परंतु माणसें आलीं तसे सारे कागद आले नाहींत. तो सांठा हैदराबादेंतच राहिला, व आज तो तेलंगण राज्याच्या पुराभिलेखागारांत आहे. म्हणजे आमच्या आजोबांच्या शेताची गोष्ट परराज्यांत, आणि तीही परक्या लिपींत! निजामी राज्याची दरबारी भाषा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसी होती व नंतर उर्दू झाली. गांवचा कुलकर्णी मोडी लिही, तालुक्याची कचेरी उर्दू लिही, आणि ज्याच्याविषयीं हें सारें लिहिलें जाई त्या कुणब्यास बहुधा यांपैकीं कांहींच वाचतां येत नसे. अशा ठिकाणीं दार सताड उघडें ठेविलें तरी आंत जाणारा आंधळाच राहतो.

या भाषेच्या कुलुपास ज्यांनीं किल्ली लाविली त्यांत सेतुमाधवराव पगडी यांचें नांव आम्ही कृतज्ञतेनें घेतों. १९१० सालीं निलंग्यास जन्मलेले हे गृहस्थ हैदराबाद संस्थानच्या मुलकी नोकरींत होते. मराठी, उर्दू, फारसी, तेलुगु अशा अनेक भाषा त्यांस अवगत होत्या. मोगल दरबारचीं बातमीपत्रें त्यांनीं मराठींत आणलीं, आणि औरंगजेबाच्या छावणींत दक्षिणेविषयीं काय लिहिलें जात होतें हें मराठी वाचकास स्वतःच्या भाषेंत समजलें. पुढें महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाची धुरा त्यांजकडे होती. पगड्यांच्या कार्याकडे केवळ भाषांतर म्हणून पाहणें चुकीचें होईल. कागदांपर्यंत पोंचण्याच्या वाटेवर दोन दारें असतात, एक कचेरीचें आणि एक लिपीचें. दुसरें दार कोणत्याही सरकारी हुकमानें उघडत नाहीं, तें अशा एकेका माणसाच्या श्रमानें उघडतें.

आतां कोणी म्हणेल, हें सर्व खरें असलें तरी त्याचा सामान्य माणसाच्या नित्य व्यवहाराशीं संबंध काय? या आक्षेपास उत्तर देण्यास आम्हांस फार मागें जावें लागत नाहीं. २०२३ च्या सप्टेंबरांत महाराष्ट्र सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. मराठवाड्यांतील निजामकालीन कागदांत कुणबी अशा नोंदी कोठें कोठें आहेत याचा शोध घेणें हें तिचें काम. आरक्षणाचा प्रश्न वादाचा आहे, त्यांत कोणाची बाजू न्याय्य याचा निर्णय येथें करावयाचा नाहीं. आमचें लक्ष एवढ्याकडेच आहे कीं त्या एका हुकमासरशीं तहसील कचेऱ्यांतील धूळ खात पडलेलीं बाडें सुटलीं. जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळांचे दाखले, महसुली पत्रकें बाहेर आलीं. आणि मोडी, उर्दू व फारसी वाचणाऱ्या माणसांची शोधाशोध सुरू झाली. काल ज्या म्हाताऱ्या मोडीवाचकास कोणी विचारीत नव्हतें, त्याच्या दारीं माणसें जाऊन बसूं लागलीं. हैदराबादचे कागद पाहण्यासाठीं येथून माणसें गेलीं. २०२५ च्या सप्टेंबरांत ‘हैदराबाद गॅझेट’चा आधार घेणारा शासननिर्णय निघाला, तेव्हां शंभर वर्षांपूर्वींच्या छापील पुस्तकाचें नांव पाराजवळच्या गप्पांत येऊं लागलें. मुलाची फी, नोकरीची जागा, प्रमाणपत्र, यांहून नित्याचा व्यवहार तो कोणता? आणि तो अडून बसला होता कागदाच्या एका ओळीपाशीं, जी कोणास वाचतां येत नव्हती.

ज्याची नोंद सांपडली त्यास लाभ; पण ज्याची सांपडली नाहीं, त्याचें समाधान कशानें होईल? नोंद खरोखरच नाहीं, कीं शोधणारानें ती वाचलीच नाहीं? आणि ज्यास दुसऱ्याच्या नोंदीविषयीं शंका आहे, त्यानें ती कोठें पडताळावी? सर्व कागद सर्वांपुढें नसतील तर होकार देणाऱ्यावरही विश्वास बसत नाहीं आणि नकार देणाऱ्यावरही. इनाम कमिशनच्या काळीं प्रजेच्या मनांत जी सल राहिली ती हीच. सरकारच्या निवाड्यांत न्याय असेलही. पण न्यायाचा आधार दिसत नव्हता.

कागदांविषयीं जें खरें तेंच विद्यापीठांतील संशोधनाविषयींही खरें आहे. संशोधनास लागणारा पैसा बव्हंशीं प्रजेच्या करांतून येतो. तें संशोधन परदेशी नियतकालिकांत छापलें जातें, आणि तीं नियतकालिकें पुनः प्रजेच्याच पैशानें विकत घ्यावीं लागतात. या उफराट्या व्यवहाराविरुद्ध २००२ सालीं बुडापेस्ट येथें विद्वानांनीं जाहीरनामा काढिला, आणि शोधनिबंध सर्वांस विनामूल्य वाचतां यावेत ही चळवळ जगभर वाढली. आपल्याकडे २००९ मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें पीएच्. डी. चे प्रबंध संगणकी रूपांत दाखल करण्याचा नियम केला. त्यांतून उभें राहिलेलें ‘शोधगंगा’ हें भांडार आज कोणासही खुलें आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे प्रबंधही तेथें मिळतात. येथील एखाद्या शिक्षकास आपल्याच भागाविषयीं कोणीं काय लिहिलें आहे हें पाहावयाचें असेल, तर पूर्वीं त्यास विद्यापीठाच्या ग्रंथालयांत ओळख काढावी लागे. आतां खिशांतील दूरध्वनीवर तो तें वाचूं शकतो.

२०२४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठीं सहा हजार कोटि रुपये, तीस मोठे प्रकाशक, सुमारें तेरा हजार नियतकालिकें आणि सहा हजार तीनशेंहून अधिक सरकारी शिक्षणसंस्था असा तिचा पसारा आहे. लहान गांवच्या सरकारी संस्थेंतील विद्यार्थ्यास मोठ्या शहरांतल्या विद्यार्थ्याइतकेंच वाचावयास मिळावें, हा हेतु स्तुत्य आहे. पण या योजनेचें दारही संस्थेच्या नांवावर उघडतें, नागरिकाच्या नांवावर नव्हे. जो विद्यार्थी नाहीं, अध्यापक नाहीं, असा सोयाबीनच्या रोगाविषयीं विचारणारा शेतकरी, मुलाच्या आजाराविषयीं वाचूं इच्छिणारी आई, तालुक्याच्या गांवचा वैद्य, हीं सारीं उंबऱ्याबाहेरच. १९३० च्या सुमाराचा तो ‘अधिकारी’ शब्द वेष पालटून पुनः दारांत उभा आहे असें आम्हांस वाटतें.

खुल्या दाराचे धोके आम्ही नाकारीत नाहीं. अर्धवट वाचलेल्या कागदावरून खोटे दावे होतात, वंशावळ्या रचल्या जातात, भांडणें पेटतात. जिवंत माणसांच्या खासगी गोष्टी उघड्यावर मांडूं नयेत, हेंही खरें. परंतु खोट्या दाव्यास उतारा कोणता? बंद दप्तर हा खोट्याचा शत्रु नसून आश्रय आहे. कारण जो कागद कोणासच दिसत नाहीं, त्यांत वाटेल तें आहे असें छातीठोकपणें सांगतां येतें. उदगीरच्या विजयाविषयीं कोणी आज अतिशयोक्ति केली, तर १९३० चा तो भाग उघडून त्यास गप्प करतां येतें. त्या भागावरील सरकारचा स्वामित्वहक्क कायद्याच्या साठ वर्षांच्या मुदतीनंतर संपला आहे. तो आज कोणीही वाचावा, कोणीही पुनः छापावा.

लिपीच्या कुलुपाविषयींही आशा वाटावी असें चिन्ह आहे. २०१४ सालीं मोडी अक्षरांस संगणकाच्या जागतिक वर्णसंचांत स्थान मिळालें. २०२५ मध्यें रुडकी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं मोडी लेख यंत्राकरवीं नागरींत उतरविण्याची रीत जाहीर केली, आणि त्यासाठीं जमविलेले दोन हजारांवर नमुने इतरांच्या उपयोगासाठीं खुले ठेविले. यंत्र चुकेल, पण नमुने खुले असल्यामुळें त्याच्या चुका दुसऱ्या कोणास दाखवितां व सुधारतां येतील. राजवाड्यांनीं प्रस्तावनेसोबत पत्र छापलें, त्याच परंपरेंतील हें पाऊल आहे, मग तें टाकणाऱ्यांस राजवाडे ठाऊक असोत वा नसोत.

आमच्याकडे जुन्या घरांत अजूनही माळ्यावर एखादें बासन असतें. दसऱ्यास त्याची पूजा होते, हळदकुंकू वाहिलें जातें, आणि न सोडतांच तें पुनः वर ठेविलें जातें. त्यांत काय आहे हें घरांतल्या कोणासच सांगतां येत नाहीं. शेताची सनद असेल, कर्जाचें खत असेल, एखाद्या लेकीच्या लग्नाची याद असेल. पुण्याचे तीस हजार रुमाल, हैदराबादचें दफ्तर आणि हें माळ्यावरचें बासन, यांची जात एकच. पूजेनें कागदाचा मान राहतो खरा. पण तो ज्यासाठीं लिहिला गेला तें काम त्याची गांठ सुटून तो चारचौघांत वाचला जाईल तेव्हांच पुरें होईल.